‘वाईट दिसतो’ म्हणायची चोरी

अहो, ऐकलंत का? या नं जरा इकडे, वॉल-कंपाउंडपाशी. मोठ्यानं नाही बोलत, पिवळ्या बंगल्याची मागची खिडकी उघडी आहे. रविवारच्या मीटिंगला तुम्ही नव्हतात नं, गोंदियाला लग्नाला गेला होतात, म्हणून म्हटलं तुम्हाला सगळं साग्रसंगीत सांगावं. काय एकेकाचे चेहरे झाले होते, बाप्पा! डॉक्टरीणबाई तर... पण थांबा, मधूनच नको. पहिल्यापासून सांगते.

तर तो टॉवर. तो कसा उभा राहिला ते तुम्हाला मी काय सांगायचं, तुमच्या गच्चीच्या अगदी समोर. क्रेन येत होती, लोखंडी अँगल वर चढत होते, आणि आपले बँकवाले काका फाटकाशी उभे राहून विचारतात, "काय काम काढलं, आजोबा?" तर पिवळ्या बंगल्यातल्या आजोबांनी नुसतं वर बोट दाखवलं. काका समजले सोलर! सगळ्या ले-आउटला सांगत फिरले, आजोबा सोलर बसवून राहिले, सबसिडी आली असेल. आजोबा एक शब्द खोटं बोलले नाहीत हो. वर बोट दाखवलं, बस्स. पुढच्या आठवड्यात पाहतो तर तांबडा-पांढरा जाळीचा मनोरा, त्याला लांबट पांढरे डबे, आणि खाली जनरेटर. काकांनी कितीतरी दिवस मॉर्निंग वॉकचा रस्ताच बदलला होता.

आणि भाडं! दूधवाला म्हणतो महिन्याला पंधरा हजार. प्रेसवाला म्हणतो पंचवीस. आपल्या भिशीत तो आकडा चाळीसवर गेला आणि चहा येईपर्यंत पन्नास झाला. पिवळ्या बंगल्यातल्या आजींनी एका लग्नात जुनीच पैठणी नेसली होती, मी ओळखते नं, त्यांच्या थोरलीच्या वेळची, तरी बायका म्हणाल्या, "टॉवरची दिसते."

तीन नंबर प्लॉटवाल्यांना तर इतकी हळहळ लागली की त्यांच्या जावयानं मोबाईलवर आलेल्या एका जाहिरातीला उत्तर दिलं. गच्चीवर टॉवर लावा, घरबसल्या लाखो कमवा, खाली ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, शिक्का! आधी रजिस्ट्रेशन फी, मग सरकारी टॅक्स, मग फोन स्विच ऑफ. अहो, ट्राय असलं सर्टिफिकेट कोणाला देतच नाही, ते स्वतःच केव्हापासून सांगून राहिले. खरी कंपनी घरमालकाला भाडं देते, त्याच्याकडून आगाऊ पैसे कशाला मागेल? किती गेले ते बाहेर आलं नाही. पण जावईबापू त्यानंतर सासरी फिरकले नाहीत, यावरून तुम्हीच अंदाज करा.

तर काय सांगत होते... हां, रेंज. टॉवरच्या आधीचे दिवस विसरले नं सगळे! आमचा पोट्टा मिहानमधल्या कंपनीत, निम्मा आठवडा घरून काम. मीटिंग लागली की लॅपटॉप घेऊन गच्चीवर, भर मे महिन्यात, डोक्याला दुपट्टा गुंडाळून. बंगलोरच्या साहेबानं एकदा विचारलं म्हणे, तू शेतात राहतोस का? डॉक्टरीणबाई रात्री पेशंटचा फोन घ्यायला जिन्यात जाऊन बसायच्या. हार्टचा पेशंट तिकडे, ह्या इकडे ‘हॅलो, हॅलो, आता येतंय का?’ आणि बँकवाले काका तर दर चार दिवसांनी तेच ऐकवायचे, "३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखरामांना देशातला पहिला मोबाईल कॉल लावला, तो लागला! आणि मला माझ्या हॉलमधून बर्डीवर लागत नाही!" तेव्हा येणाऱ्या कॉलचेही पैसे पडायचे, हे मात्र ते सोडून देतात.

आमच्या पोट्ट्यानं मला एकदा नीट समजावलं. म्हणाला, आई, आपल्या ले-आउटमध्ये पूर्वी एका प्लॉटवर एक घर होतं, घरात एक काळा फोन. आता त्याच प्लॉटवर आठ फ्लॅटची स्कीम, दर घरी चार मोबाईल, टीव्हीसुद्धा नेटवर. रेंजच्या दांड्या भरलेल्या असणं वेगळं आणि लाइन मोकळी असणं वेगळं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात, तेव्हा दांड्या पूर्ण दिसतात आणि फोन काही लागत नाही, ते पाहिलंय नं आपण? तसं थोडं-थोडं आपल्याकडे रोज संध्याकाळी होतं. शिवाय १ ऑक्टोबर २०२२ ला दिल्लीत फाइव्ह-जी सुरू झालं, त्याच्या साडेतीन हजार मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी जुन्या नऊशेवाल्यांइतक्या लांब पोचत नाहीत, सिमेंटच्या भिंतीत तर फारच अडतात. म्हणून टॉवर जवळजवळ लागतात. दूर कुठेतरी डोंगरावर एक मोठा लावून भागत नाही.

पटलं मला. म्हणजे टॉवर हवा, यात वादच नाही. वाद कुठे आहे ते त्या चित्रकलेच्या बाईंना बरोबर कळलं होतं, पण त्यांचं कोणी ऐकलं?

कोपऱ्यावरच्या हो, शाळेत ड्रॉइंग शिकवायच्या त्या. त्यांच्या गच्चीवरून दीक्षाभूमीचा घुमट दिसतो, म्हणजे दिसायचा. तो पांढरा घुमट डिसेंबर २००१ मध्ये राष्ट्रपती नारायणन यांच्या हस्ते खुला झाला, तेव्हापासून बाई तो रंगवतात. पहाटेचा, पावसातला, वैशाख पौर्णिमेच्या रोषणाईतला. आता मधोमध हा जाळीचा मनोरा. पहिल्या मीटिंगला त्या उठल्या आणि म्हणाल्या, "टॉवरला माझी ना नाही. पण वाईट दिसतो."

हशा पिकला हो! बँकवाले काका म्हणाले, "बाई, इथं जिवाशी खेळ चाललाय आणि तुम्ही दिसण्याचं काय घेऊन बसलात?" बाईंनी चश्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि खाली बसल्या. चेहरा इतकासा झाला. मला फार वाईट वाटलं, कारण बोलले नसले तरी मनात माझ्याही तेच होतं. तुमच्याही असणार. पण वाईट दिसतो म्हणायची आपल्याकडे चोरी. माणूस लगेच रिकामटेकडा ठरतो.

आणि मग सुरू झालं ते कॅन्सर प्रकरण. व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता पाऊस. कोणी टाकलं, ‘२०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका कॅन्सरच्या पेशंटच्या तक्रारीवरून ग्वाल्हेरचा टॉवर बंद करायला लावला.’ खरं आहे ते. तर लगेच वकीलसाहेबांनी टाकलं, ‘सांगली जिल्ह्यातल्या चिखलहोळ ग्रामपंचायतीनं टॉवर थांबवायचा ठराव केला होता, तो मुंबई हायकोर्टानं २०२२ मध्ये रद्द केला, धोक्याचा शास्त्रीय पुरावा नाही म्हणून.’ तेही खरं. मग जुही चावला निघाली! तिच्या मलबार हिलच्या घरासमोर सह्याद्री गेस्ट हाउसवर अँटेना होते, तेव्हापासून ती या विषयावर बोलते. २०२१ मध्ये फाइव्ह-जीविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेली, तर ऑनलाइन सुनावणीत कोणी तिच्याच सिनेमातली गाणी म्हणायला लागलं, आणि वर कोर्टानं तिला वीस लाखांचा दंड ठोकला. पुढच्या वर्षी तो दोन लाखांवर आणला. ह्यावर आपल्या ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त चर्चा झाली ती गाणं कोणतं होतं याची.

डॉक्टरीणबाईंनी शेवटी लिहिलं की डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेनं २०११ मध्ये या लहरींना ‘शक्यता असू शकते’ अशा गटात टाकलंय, टू-बी म्हणतात त्याला, आणि त्याच गटात मुरवलेल्या भाज्याही आहेत. झालं! तीन नंबरच्या आजींनी घाबरून कैरीच्या लोणच्याची बरणी मोलकरणीला देऊन टाकली. मग डॉक्टरीणबाईंना पुन्हा लिहावं लागलं, अहो, आपलं लोणचं नव्हे, तिकडच्या चीन-कोरियाकडच्या पद्धतीचं! तोवर बरणी गेलेली. मोलकरीण सांगत होती, फार छान मुरलं होतं.

इतवारीतून आलेला कोणाचा तरी पाहुणा म्हणाला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत टॉवरचा पुतळा करून बडग्याच काढा. पोट्टे तर बांबू आणायला निघालेच होते!

तेवढ्यात वकीलसाहेबांनी उपाय सांगितला. दूरसंचार विभागाचं ‘तरंग संचार’ नावाचं पोर्टल आहे २०१७ पासून, तिथं चार हजार रुपये भरले की ते येऊन किरणोत्सर्ग मोजून देतात. वीस घरं, घरटी दोनशे. आता बघा हं, कॅन्सर, मुलंबाळं, जिवाशी खेळ, आणि दोनशे रुपये काढायला कोणी तयार होईना! एक म्हणतो, मी भाड्यानं राहतो, मालकाला विचारा. एक म्हणतो, आमचं घर मागच्या गल्लीत, आम्हाला निम्मे लावा. बँकवाले काका म्हणाले, "रिपोर्ट काय येतो ते बघून देतो."

आले एकदाचे मोजणारे. यंत्र घेऊन गच्च्यागच्च्यांवर फिरले. सगळं मर्यादेच्या आत! आणि ती मर्यादाही आपल्याकडे सप्टेंबर २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केलेली, म्हणजे आधीच कडक. त्यातल्या एका मुलानं वर हेही सांगितलं की अँटेनाचा झोत टॉर्चसारखा आडवा समोर जातो, पायथ्याशी कमी पडतो. म्हणजे ज्यांच्या गच्चीवर टॉवर, त्या आजोबांना उलट कमी! आणि रेंज कमी असली की तुमचा हातातलाच फोन जास्त जोर लावतो, तोही कानाला चिकटून. म्हणजे जिन्यात बसून ‘हॅलो, हॅलो’ करण्यात जास्त होतं!

अहो, आनंद व्हायला हवा होता की नाही? सगळे सुखरूप म्हणून पेढे वाटायचे! तर माणसं अशी हिरमुसली, जशी काही... जाऊ द्या. काका म्हणाले, "यंत्र कॅलिब्रेट केलेलं होतं का?" आणि त्यांचे दोनशे अजून यायचेच आहेत.

मग दुसरी वाट. ह्यांच्यासोबत दोघं-तिघं एका कार्यालयात जाऊन आले, नाव नाही घेत. तिथल्या साहेबानं फाइल न उघडताच सांगितलं, खासगी गच्ची आहे का? मालक राजी आहे का? मग झालं! २०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं नियमच बदलले, खासगी जागेवर टॉवरला परवानगी नको, फक्त स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला जोडून कळवायचं, असं तेव्हा ठरलं. आमच्या ह्यांनी विचारलं, "आणि प्रॉपर्टी टॅक्स?" तर म्हणे २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं अहमदाबादच्या केसमध्ये सांगितलं होतं, टॉवरवर टॅक्स लावता येतो. म्हणजे भाडं आजोबांना, आणि बघायला आपण.

ह्यांनी जाता जाता तक्रारीचा फॉर्म मागून आणला. मी वाचला पूर्ण. रेडिएशनला रकाना आहे, इमारतीच्या मजबुतीला आहे, जनरेटरच्या आवाजाला आहे, अगदी इतर म्हणूनही आहे, पण त्यात दीड ओळ. दिसतो कसा, याला रकानाच नाही. हायकोर्टाची इमारत, झिरो माईल, असल्या यादीतल्या वास्तूंसाठी निदान हेरिटेज समिती आहे. आपला ले-आउट कुठल्या यादीत? नागपूर सुधार प्रन्यासनं पाडलेले प्लॉट, दारात कडुलिंब, मागे संत्र्याचं एखादं झाड, संध्याकाळी गच्चीवरून लालभडक आभाळ. याला कोण वाली! तेव्हाच माझ्या लक्षात आलं, ज्या गोष्टीला रकाना नाही, ती लोक दुसऱ्या रकान्यात लिहितात. डोळ्यांना खुपतं, आणि लिहितात कॅन्सर. भाडं खुपतं, तरी लिहितात कॅन्सरच.

तर आता रविवार. ऐकून राहिलात नं? हे खरं बघण्यासारखं होतं.

गणपतीच्या हॉलमध्ये सगळे जमले. आजोबांना बोलावलं होतं, येणार नाहीत म्हणून सगळ्यांची खात्री. तर आजोबा आले, धोतर-टोपी, काखेत प्लास्टिकची फाइल. काकांनी सुरुवात केली, "आम्हा रहिवाशांना अंधारात ठेवून..." आजोबांनी हात वर केला. म्हणाले, "दोन मिनिटं एक अर्ज वाचतो." चश्मा लावला आणि वाचायला लागले. ‘आमच्या भागात मोबाईलची रेंज अत्यंत कमी असून, वयोवृद्ध व विद्यार्थी यांची गैरसोय होत आहे. तरी येथे त्वरित टॉवर उभारण्यात यावा. आम्ही सर्व रहिवासी संपूर्ण सहकार्य करू.’

गेल्या वर्षीचा अर्ज हो! कंपनीला दिलेला! कंपनीच्या माणसानंच झेरॉक्स आजोबांना आणून दिली होती. आजोबांनी सह्या वाचल्या. एक, बँकवाले काका. दोन, डॉक्टरीणबाई. तीन, वकीलसाहेब... आणि मग दुसरी झेरॉक्स काढली, टॉवर हटवा म्हणून दिलेल्या अर्जाची. त्याच सह्या, त्याच क्रमानं! पेनसुद्धा बहुतेक तेच. डॉक्टरीणबाई अशा लाल झाल्या की मोबाईल काढून काहीतरी वाचायचं सोंग करू लागल्या. काका खिडकीतून बाहेर बघून राहिले. वकीलसाहेब म्हणाले, "दोन्ही अर्जांचा संदर्भ वेगळा आहे," पण त्यांचंच त्यांना पटलं नाही. आमच्या घरची सही ह्यांची होती, माझी नव्हती, हे मी बाजूच्या वहिनींना लगेच सांगून टाकलं.

पण खरा तडाखा पुढेच. आजोबा फाइल मिटत म्हणाले, "कंपनीनं मला विचारलं होतं. गच्चीवर सडपातळ खांब लावू, पाण्याच्या टाकीच्या मागे, का जाळीचा मनोरा समोर? भाडं दोन्हीचं तेच. मी म्हटलं, तुम्हाला सोयीचं पडेल ते करा. मला काय ठाऊक, कोणाला दिसण्याचं काही वाटतं म्हणून? कोणी बोललंच नाही."

आणि मागच्या रांगेतून चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "मी बोलले होते."

इतकंच! हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा येत होता. आजोबांनी मागे वळून बघितलं, आणि त्यांचाही चेहरा उतरला हो. माणूस वाईट नाही. म्हणाले, "पहिल्या मीटिंगला मला बोलावलं नव्हतं, बाई." ते तर खरंच, नव्हतंच बोलावलं!

मग मात्र सगळे एकदम शहाणे झाले. कोणी म्हणालं, अमेरिकेत १९९२ पासून टॉवरला खोट्या झाडाचं रूप देतात, पाइन म्हणा, ताड म्हणा. आपल्याकडे संत्र्याचं करू! बाई म्हणाल्या, "वीस मीटरचं संत्र्याचं झाड बघून पाहुणे घाबरतील." आमच्या पोट्ट्यानं सांगितलं, छोटे डबे रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबांवर लावता येतात, २०२२ च्या त्याच नियमांत शहरात एका खांबाला वर्षाचे ३०० रुपये ठरले होते. पण एकेका डब्याची धाव थोडी, दर खांबाला वीज आणि फायबर लागेल. फायबर म्हणजे खोदकाम! हे ऐकताच सगळा हॉल ओरडला, "आत्ताच झालेला सिमेंट रोड पुन्हा फोडणार?" टॉवरवरून भांडणारे रस्त्यासाठी एक झाले.

आणि बाईंनी एक स्पष्ट सांगितलं, तेही सांगते. म्हणाल्या, "नुसता टॉवर वाईट नाही. आपल्या गच्च्यांवर काळ्या टाक्या आहेत, गंजके कूलरचे स्टँड आहेत, बंद पडलेल्या डिश आहेत, केबलच्या जुन्या वायरी लोंबतात. काकांची पत्र्याची शेड तर माझ्या दुसऱ्या खिडकीत येते." काका म्हणाले, "ती तात्पुरती आहे." ती शेड त्यांच्या मुलाच्या मुंजीच्या वेळची, आणि मुलगा आता कॅनडात!

तर ठरलं असं. आजोबा कंपनीला पत्र देणार, मनोरा टाकीच्या मागे सरकवा किंवा खांब लावा, जनरेटरला आवाज कोंडणारी पेटी लावा, अँटेनांना राखाडी रंग द्या. कंपनी ऐकेल की नाही, कोण जाणे, करार त्यांच्या बाजूचा असतो. पण भाडं घेणारा माणूस स्वतः म्हणतोय म्हटल्यावर ऐकतीलही. पत्राचा मसुदा वकीलसाहेब करून राहिले आणि त्यांनी पहिल्याच ओळीत पुन्हा रेडिएशन लिहिलं! मी सांगितलं, खोडा. रिपोर्ट चांगला आलाय, तोच जोडा. स्वच्छ लिहा की रेंज छान येते, आभारी आहोत, पण वाईट दिसतो. तर म्हणे, "असं ऑफिशियल पत्रात कसं लिहायचं?"

म्हणून तुम्हाला बोलावलं. परवा संध्याकाळी मसुदा वाचायला सगळे पुन्हा जमणार आहेत. तुम्ही या. काकांनी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणायचं, "वाईट दिसतो, हे पहिल्या ओळीत हवं." तुमचं अक्षर चांगलं आहे, गरज पडली तर तिथंच लिहून टाका. बाईंना मी पहिल्या रांगेत बसवते. सह्या मात्र ह्या वेळी उलट्या क्रमानं घेऊ, काकांची शेवटी, आणि आधी त्यांच्याकडून ते दोनशे रुपये.